बॅटरीचा लोडर आणि आमचा काका

बॅटरीच्या लोडरची मागणी करणारं पत्रक मी लिहिलं, तेव्हा शत्रू कोण याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नव्हती. ठेकेदार. संघटनेत मला पत्रक लिहायला शिकवलं तेच असं: एका पत्रकात एकच शत्रू, मागण्या तीन, प्रत्येक मागणी एका दमात वाचून व्हावी एवढी, आणि शेवटच्या ओळीत ‘अन्यथा’. कॉलेजात मराठीच्या पेपरला मला कधी धड मार्क पडले नाहीत, पण पत्रकात मी एक शब्द वाया घालवत नाही. या प्रकरणात मात्र शत्रू कोण ते इतक्या वेळा बदललं की ते कुठल्याच पत्रकात मावेना. म्हणून हे लांबलचक लिहिते आहे. कंटाळा आला तर तो माझा दोष नाही, प्रकरणच तसं आहे.

आमची वाडी खर्डी आणि उंबरमाळीच्या मधे, रुळांपासून आत, डोंगराच्या कुशीला. त्या डोंगराच्या पोटातून शहराला पाणी नेणारा बोगदा खणताहेत. पाणी आमच्या तालुक्यातलं, डोंगर आमचा, धूळ आमच्या ताटात आणि नळ शहरात. यावर माझं वेगळं पत्रक आहे, ते इथे पुन्हा काढत नाही. वाडीच्या खालच्या अंगाला बोगद्याचं तोंड आहे, आणि तिथून एक उतरता रस्ता आत जातो. आत सुरुंग लावतात, कातळ फुटून पडतो. त्या पडलेल्या दगडमातीला तिथले सगळे ‘मक’ म्हणतात. लोडरच्या बकेटमध्ये मक भरायचा, चढ चढून वरच्या रुंद जागेत डंपरपाशी आणून ओतायचा, रिकामी गाडी घेऊन परत उतार उतरायचा. पाळीभर हेच.

माझा काका हा लोडर चालवायचा. मी शहापूरला खोली करून राहते, पण घर म्हणाल तर माझं घर काका-काकीचंच. बोगद्यातला लोडर रस्त्यावरच्या लोडरसारखा उंच नसतो. बसका, लांबोडा, मगरीसारखा. चालक त्यात आडवा बसतो, म्हणजे एक खांदा पुढच्या बाजूला, एक मागच्या. जाताना मान डावीकडे, येताना मान उजवीकडे. काका घरी जेवायला बसला तरी भिंतीला खांदा लावून आडवा बसायचा आणि मान वळवून काकीकडे भाकरी मागायचा. आम्ही हसायचो. हसण्यासारखं तेवढंच होतं. बाकी गाडी डिझेलची, बोगदा बंद, हवा आत सोडणारा कापडी पाइप जागोजागी फाटलेला आणि सिमेंटच्या गोण्या गुंडाळून बांधलेला. काका घरी आला की आधी विहिरीपाशी जाऊन खाकरायचा. काळं पडायचं. काकी त्यावर पाणी ओतायची आणि काही बोलायची नाही. ती बोलत नाही तेव्हा समजायचं की ती घाबरली आहे.

शहापूरला डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी छातीचा फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि सरळ सांगितलं, “गेलेलं परत येत नाही. उरलंय ते सांभाळा. धूर आणि धूळ, दोन्हीपासून लांब.”

काका म्हणाला, “मंग खाऊ काय?”

“ते मी कसं सांगू?” बाई म्हणाल्या.

परतीच्या जीपमध्ये काकी एवढंच म्हणाली, “त्या धुराच्या गाडीवर आता मी तुला बसू द्येनार नाय. काय करायचं ते कर.” आणि काका म्हणाला, “गाडीवर नाय तर कुठं बसू, तुझ्या चुलीवर?” सगळी जीप हसली. काकी नाही.

मला या माणसाचा राग येतो तो इथे. दुसरं काम बघ म्हटलं तर ऐकायचं नाही. तोंडाला मास्क लाव म्हटलं तर तो मास्क गळ्यात, ताईत घातल्यासारखा. गाडी मात्र जिवापाड. तरुणपणी तो सासुरवाडीला, धसईला राहून मुरबाड-धसई जीप चालवायचा, मग दगडखाणीत लोडर, मग बोगदा. स्टिअरिंगला हात नसला की त्याला आपण कोणीच नाही असं वाटतं. म्हणजे काकाला गाडीवरून उठवणं शक्य नव्हतं. मग गाडीचं इंजिनच बदलायचं, असा विचार मी केला.

बॅटरीवर चालणारे लोडर परदेशातल्या खाणींत आहेत हे मला इंटरनेटवर सापडलं. धूर नाही, उष्णता कमी. मी पत्रक लिहिलं. ‘बोगद्यात माणसं आहेत, उंदीर नाहीत’ हे शीर्षक. मागण्या: एक, बॅटरीचा लोडर आणा. दोन, त्यावर स्थानिक चालक बसवा. तीन, फाटका हवेचा पाइप बदला. अन्यथा.

आमच्या संघटनेचे अध्यक्ष म्हणाले, “पाइपची मागणी पहिली घाल. पाइप मिळेल. बॅटरी कोण देतो तुला?” मी घातली नाही. साइटच्या फाटकावर धरणं धरून बसलो तेव्हा तिथला मोठा साहेब बाहेर आला. इस्त्रीचा शर्ट, त्यावर पिवळं जाकीट. पत्रक वाचून म्हणाला, “मॅडम, बॅटरीवर खेळणी चालतात. आत डोंगर उचलायचा असतो.”

मी म्हटलं, “डोंगर आमचाच आहे, उचलताय तुम्ही. निदान धूर तरी तुमच्याकडे ठेवा.”

आणि मग जे कधी होत नाही ते झालं. लोडर आला. माझ्या पत्रकामुळे नव्हे, हे मला माहीत आहे, सांगायला लाज नाही. मशीन बनवणाऱ्या कंपनीला ते आपल्याकडच्या बोगद्यात चालवून दाखवायचं होतं, ठेकेदाराला फुकट वापरायला मिळत होतं. चाचणी यशस्वी झाली तर आतले डिझेलचे लोडर काढून बॅटरीचे ठेवायचे, नाहीतर हा परत. पण पत्रकात आम्ही लिहिलं ‘संघर्षाला यश’. तसं लिहायचं असतं.

साहेबाने मला ऑफिसच्या कंटेनरमध्ये बोलावून सांगितलं, “स्थानिक चालक पाहिजे ना? तुमच्या काकांनाच बसवतो. नंतर तक्रार नको.”

काकीने त्या दिवशी गोडाचं केलं. इतकं साधं होतं सगळं. चाचणी टिकली की काका धुरातून सुटणार, स्टिअरिंगही हातात राहणार. चाचणी फसली की काका परत डिझेलवर, नाहीतर घरी. काकीने तर ठरवलंच होतं की घरी. आणि घरी बसलेला काका कसा असेल हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं: ओटीवर आडवा बसलेला, मान वळवून रस्त्याकडे बघणारा.

प्रशिक्षण झालं. अर्धा दिवस. कंटेनरमध्ये टीव्हीवर फिल्म, इंग्रजी, खाली हिंदी अक्षरं, सोबत समोसे. मी काकाला विचारलं, काय शिकवलं? म्हणाला, “बोगदा दाखवला. एवढा साफ, आपन तिथं पंगत बसवू. पन मानसंच नव्हती त्यात. गाडी आपली एकटीच चाललीय.” अजून काय? “अजून तो पोरगा बोलत व्हता, रीजन का काय. समोसा गार होत व्हता.”

तो पोरगा म्हणजे मशीनच्या कंपनीचा इंजिनीअर. माझ्याच वयाचा, कानपूरकडचा, लॅपटॉप सतत पोटाशी धरून. त्याला मराठी येत नव्हतं आणि आमच्या लोकांना त्याच्या हिंदीतले निम्मे शब्द इंग्रजी वाटत होते, कारण ते इंग्रजीच होते. प्रशिक्षण मातृभाषेत द्या, ही मागणी मी पत्रकात का घातली नाही याची मला अजून चीड येते. तीनच मागण्या घालायच्या या नियमाचा तो परिणाम.

लोडर आत गेला. पहिल्या दिवशी नारळ, हार, फोटो. काका फोटोत नाही, कारण तो गाडीत आडवा बसलेला आणि समोर साहेब उभा. आत काम करणारे वाडीतले लोक बाहेर येऊन सांगायला लागले की फेसवर, म्हणजे जिथे दगड फोडतात तिथे, पहिल्यांदाच समोरच्या माणसाचं तोंड नीट दिसतंय. “आणि दिसलं तर काय,” एक म्हणाला, “धूर बरा व्हता.” अशी सगळ्यांची मजा चालली होती.

मग गाडी बंद पडायला लागली.

पाळी संपायच्या कितीतरी आधी बॅटरी उतरायची. कंपनीने सांगितलं होतं की जेवणाच्या सुट्टीत चार्जिंगला लावली की पाळी सहज निघते. निघेना. दुपार कलली की चढाच्या मधोमध, बकेट भरलेली असताना, गाडी थंड. रस्ता बंद. मागे पुढे सगळं काम बंद. मग डिझेलचा जुना लोडर आणायचा, साखळी लावायची आणि याला ओढून बाहेर काढायचं. ओढताना पुढच्या डिझेलचा सगळा धूर कोणाच्या तोंडावर, तर मागच्या गाडीत स्टिअरिंग धरून बसलेल्या काकाच्या. धुरातून सोडवायला गाडी आणली आणि त्या गाडीत बसूनच काका आधीपेक्षा जास्त धूर खायला लागला. लोक तर काय, संधी सोडतात होय.

“काका, दोन सेल बदल. टॉर्चचे चालत्यात.”

“काका, मोबाइलचा चार्जर देऊ? लहान पिनचा हाय.”

“पुतणीला सांग, पत्रक काढ म्हनावं. पत्रकानं चालंल.”

हे शेवटचं मला फाटकावर तोंडावर ऐकवलं. मी इंजिनीअरला गाठला. म्हटलं, बॅटरी खराब दिलीय तुम्ही. जुनी, वापरलेली, गरिबाच्या बोगद्यात चालून जाईल अशी.

तो रडकुंडीला आला होता. “दीदी, बॅटरी में कोई प्रॉब्लम नहीं है.” त्याने लॅपटॉप उघडून मला रेघा दाखवल्या. त्याचं म्हणणं असं की ही गाडी उतारावर खाली जाताना स्वतःच चार्ज होते. पाय उचलला की मोटर उलटी राबते, गाडी रोखून धरते आणि तीच वीज बॅटरीत परत भरते. चढावर खर्च, उतारावर थोडी जमा. काकाने समोशाबरोबर ऐकलेलं ‘रीजन’ ते हेच. यावरच पाळीचा सगळा हिशेब. पण या गाडीची उतारावर जमा शून्य. “लॉग में न्यूट्रल दिखा रहा है. पर ढलान पर न्यूट्रल कौन डालेगा? सेन्सर गलत होगा. या फिर ड्राइवर...”

“ड्रायव्हर काय?” मी म्हटलं. “आमच्या माणसांना गाडी चालवता येत नाही का? तुम्ही जन्मला नव्हता तेव्हापासून माझा काका गाडी चालवतो.”

“नहीं नहीं, मैं सेन्सर बोल रहा हूँ,” तो म्हणाला.

मी शहापूरला जाऊन दुसरं पत्रक लिहिलं. ‘खराब मशीन आमच्या गळ्यात मारू नका.’ या वेळी शत्रू मशीनची कंपनी. गठ्ठा छापून झाला. इकडे साहेबाने काम थांबतंय म्हणून लोडर परत पाठवायचं ठरवलं, ट्रेलर सांगून ठेवला. ट्रेलर दोन दिवसांत येणार होता.

पत्रकं घेऊन मी खर्डीला उतरले. काका पाळी संपवून मला न्यायला आला होता, त्याच्या जुन्या मोटरसायकलवर. मी मागे बसले, गठ्ठा मांडीवर. खर्डी सोडून आमच्या वाडीकडे वळलं की आधी चढ आहे आणि मग लांब उतार, दोन्ही बाजूंना भातखाचरं. चढभर मी काकाच्या कानाशी ओरडत होते, कंपनीला कसं उघडं पाडायचं ते. चढ संपला आणि काकाने किल्ली फिरवली. इंजिन बंद. गाडी आपली सुळसुळत खाली निघाली आणि माझा आवाज मलाच मोठा ऐकू यायला लागला.

“गाडी बंद का केलीस?”

“उतार हाय,” काका म्हणाला.

“मग?”

“उतारावर कोन पेट्रोल जाळतं गो? एवढी वर्षं मागं बसतेस, आज इचारतेस.”

खरंच, तो नेहमीच असं करतो. इथले सगळेच करतात. घाट उतरताना जीपवाले इंजिन बंद करायचे, न्यूट्रलला टाकायचे आणि ब्रेकवर जीप खाली आणायचे. मुरबाड-धसई लाइनला त्याच्या मालकाने त्याला हेच शिकवलं होतं आणि डिझेल वाचवणारा ड्रायव्हर म्हणून त्याचं नाव होतं. हे सगळं मला लहानपणापासून माहीत. मी गठ्ठा घट्ट धरला आणि विचारलं, “काका, बोगद्यात खाली जाताना काय करतोस?”

“काय म्हंजे?”

“उतारावर. लोडर कशात असतो?”

“न्यूट्रलला,” तो म्हणाला. “ब्रेक मारत मारत न्यायचा. डिझेलच्याला पन तसंच करत व्हतो. आनि हा तर बॅटरीचा. तू एवढी पत्रकं छापून, उन्हात बसून तो आनलास. त्याची बॅटरी मी फुकट उधळू का? जेवढी वाचंल तेवढी वाचवतो मी.”

गाडी उतार संपेपर्यंत सुळसुळत गेली. मला इंजिनीअर आठवला. सेन्सर, म्हणे. त्याची चूक एवढीच की उतारावर न्यूट्रल कोणी टाकेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. आणि मी, जी या उतारावर हजार वेळा बंद गाडीवर बसून खाली आले आहे, ती त्याच्यावर खेकसले होते. कंपनीला, ठेकेदाराला, सरकारला कसं बोलायचं हे मला येतं. माझ्यासाठी बॅटरी वाचवणाऱ्या माणसाला कसं बोलायचं हे कुठल्याच शिबिरात शिकवलं नव्हतं. मग मी जे येतं ते केलं. ओरडले.

घरी पोचेपर्यंत आणि पोचल्यावर अंगणात मी त्याला समजावत होते. उतारावर गिअरमध्ये ठेव, पाय उचल, बॅटरी भरते. त्याला पटेना.

“उतारावर बॅटरी भरते? फुकट?”

“हो.”

“कोन भरतं?”

“गाडीच भरते. तुझ्या ब्रेकचा जोर जो वाया जातो ना, तो.”

“असं फुकट काय मिळत नाय गो. हे कंपनीवाले तुला गुंडाळतात आनि तू मला.”

आयुष्यभर मी या माणसाला सांगत आले की कंपनीवर विश्वास ठेवू नकोस. नेमकं त्याच दिवशी त्याने माझं ऐकलं.

काकी तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “एक दिवस करून बघ ना हिचं. तुझं काय जातंय?” दुसऱ्या दिवशी त्याने करून बघितलं. संध्याकाळी घरी आला, विहिरीवर तोंड धुतलं, आणि काकीला म्हणाला, “आकडा चढतो. खाली जाताना बॅटरीचा आकडा वर चढतो.” एवढंच. पाळी निघाली होती.

पण ट्रेलर दुसऱ्या दिवशी येणार होता. एक दिवस नीट चालली म्हणून साहेब ठेवून घेणार नव्हता, इतके दिवस का बंद पडत होती हे कोणीतरी सांगायला हवं होतं. मी अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, “गप्प बस. आमच्या दबावामुळे कंपनीने मशीन दुरुस्त केली असं म्हणू. काकाचं नाव काढू नकोस. काढलंस तर उद्या साइटवर म्हणतील स्थानिकांना येत नाही, आणि सगळ्याच जागा बाहेरच्यांना देतील.”

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, म्हणून जास्त राग आला. सांगितलं तर गाडी राहील, पण काका तिच्यावर राहील का? नाही सांगितलं तर काका चालक राहील, पण डिझेलचा. सकाळी अंगणात मी हे सगळं मांडलं. काकीने सूप खाली ठेवलं. “गाडी राहू दे. हा कुठं का बसंना, धुरात नको,” ती म्हणाली. काका चहा संपवून उठला आणि निघाला. मला मागे बस म्हणूनही म्हणाला नाही. मी चालत गेले.

कंटेनरमध्ये साहेब, इंजिनीअर, काका आणि मी. बाहेर ट्रेलर उभा. मी सुरुवात केली. प्रशिक्षण अपुरं, भाषा परकी, फिल्म परदेशातली, चालकाला विश्वासात न घेता... माझी तयारी चांगली होती. मी पहिल्या मुद्द्याच्या मधेच होते तेव्हा काका मला तोडून म्हणाला, “साहेब, हिचं जाऊ द्या. उतारावर मी न्यूट्रलला टाकत व्हतो. म्हनून बॅटरी उतरत व्हती. काल नाय टाकली. काल चालली.”

“न्यूट्रल? क्यों?” इंजिनीअर उठून उभा राहिला.

“बचत,” काका म्हणाला.

इंजिनीअर इतका हसला की लॅपटॉप मिटला. त्याने काकाचा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, त्याच्या गावाकडे ट्रॅक्टरवालेही हेच करतात, त्याला सुचायला हवं होतं. मला तो आवडला त्या वेळी, आणि मला ते आवडलं नाही.

साहेब हसला नाही. त्याने फोन करून ट्रेलर रिकामा परत पाठवला. मग काकाकडे बघून म्हणाला, “लोडर ठेवतो. पण तुम्हाला त्याच्यावर ठेवू शकत नाही. बोगद्याच्या उतारावर न्यूट्रल म्हणजे गाडी कोणाच्या हातात नाही. ब्रेक तापला असता तर खाली माणसं होती.”

मी म्हटलं, “हे तुम्ही त्याला शिकवलं होतं का?”

“हे शिकवायला लागतं?” साहेब म्हणाला.

“लागतं. दिसलं ना आता, लागतं.”

“मॅडम, म्हणूनच पुढच्या चालकांना शिकवू. मराठीत. तुम्हीच लिहून द्या.”

या माणसाशी भांडायला मला आता काही सापडत नव्हतं, कारण तो बरोबर होता. चुकीच्या माणसाशी भांडणं सोपं असतं. त्याने काकाला डिझेलचा लोडर देऊ केला. काका माझ्याकडे न बघता म्हणाला, “बायको सोडनार नाय.” मग बाहेर, जिथे डंपर मक ओततात तिथे, मोकळ्या हवेत, डंपरना मागे घ्यायची खूण करणाऱ्या माणसाची जागा होती. हातात लाल आणि हिरवा झेंडा. पगार कमी. काकाने ती घेतली.

बॅटरीच्या लोडरवर वाडीतलाच दुसरा बसला. चाचणी पार पडली, दुसराही बॅटरीचा लोडर आला, फेसवरचा डिझेलचा धूर संपला. डंपर अजून डिझेलचेच आहेत, त्यावर पत्रक चालू आहे. हवेचा पाइप अजून गोण्यांनीच बांधलेला आहे. अध्यक्ष म्हणतात, मी सांगितलं होतं पाइप पहिला घाल.

आणि काका उतारावर न्यूट्रल टाकू नका, हे प्रत्येक नव्या चालकाला सांगत असेल असं कोणाला वाटत असेल, तर तसं काही नाही. तो कोणाशी लोडरबद्दल बोलतच नाही. माझ्याशी तर महिनाभर फक्त जेवणापुरतं बोलला.

मी तिसरं पत्रक लिहिलं. ‘चूक शिकवणाऱ्यांची, शिक्षा चालकाला का?’ मागण्या दोनच: नीट प्रशिक्षण द्या आणि त्याला परत गाडीवर घ्या. छापण्याआधी कागद दाखवावा म्हणून मी पाळी सुटताना खाली गेले, आणि त्याने तिथेच, झेंडे काखेत धरून वाचायला घेतलं. वाचता वाचता चालायला लागला. तिथून आमच्या घरापर्यंत उभी चढण आहे. तो पुढे, मी मागे, आणि तो बोलत होता.

“हे वाटायचं नाय. आयकलंस? मी काय मागनी केली तुझ्याकडं? गाडीवर बसताना मला कोनी इचारलं नाय, उतरवताना इचारलं नाय, आनि आता परत चढवायला निघालीस ते बी मला न इचारता. लोक म्हनतील ह्याला गाडी येत नव्हती आनि पुतणी रडतेय ह्याच्यासाठी. जीप चालवली मी, घाटात, भरलेली, एक ओरखडा नाय. झेंडा धरतो तर धरतो. हवा लागते तिथं. झाडं दिसतात. तुला सगळ्यात अन्यायच दिसतो, मान दुखायची माझी ती थांबली ते दिसत नाय तुला.”

मीही बोलत होते. शिक्षा ती शिक्षाच, पगार कापला ते दिसत नाही का, तू गप्प बसलास तर उद्या दुसऱ्याला असंच उतरवतील. चढण निम्मी झाली, मला दम लागला, मी थांबले. तो थांबला नाही. बोलायचाही थांबला नाही, एकदाही खाकरला नाही. वर वळणावर पोचून त्याने मागे बघितलं आणि कागद हलवत म्हणाला, “आनि हे वयोवृद्ध कोनाला लिवलंयस? मी म्हातारा हाय?”

काकी वर अंगणात उभी राहून हे सगळं बघत होती. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं.

‘वयोवृद्ध’ मी खोडलं, ‘अनुभवी’ घातलं. बाकी पत्रक तसंच ठेवलं आणि सोमवारी फाटकावर वाटलं. काकाने घेतलं नाही. साहेबाने घेतलं, उभ्या उभ्या वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि विचारलं, “प्रशिक्षणाचं मराठीत लिहून देणार होता ना? ते कुठंय?”

ते आता लिहायला घेतलं आहे. पहिलं वाक्य झालं, ‘उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवावी.’ दुसऱ्या वाक्यात का ते सांगायचं आहे, आणि त्याला शत्रू सापडत नाही.